पांढरीखालची आळी

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत यंदा प्रत्येकीने काही ना काही लिहिलेच पाहिजे, असे बैठकीत ठरले. लोणची-पापड, विणकाम आणि मुलांचे संगोपन हे विषय इतर भगिनींनी आधीच पटकावले. माझ्या वाट्याला इतिहास उरला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा राजेरजवाडे, लढाया आणि तह यांत मी शिरणार नाही. ते लिहिणारे विद्वान पुष्कळ आहेत. परंतु चूल, कणगी, रांजण आणि घराचे सारवण यांचाही इतिहास असतो, आणि तो आपल्या राहूपासून फार लांब नाही, उलट अगदी हाकेच्या अंतरावर सापडलेला आहे, हे मला अलीकडे कळले. तेवढेच भगिनींच्या कानांवर घालावे म्हणून हा लेख.

आपल्याकडे जुनी माणसे गावाच्या जमिनीचे दोन भाग करतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे वस्ती. वस्तीला पांढरी का म्हणावे? तर तिथली माती खरोखरच पांढुरकी, राखाडी होते म्हणून. मातीच्या भिंती पावसाने विरघळतात, घर पडले की त्याच जागी ते सपाट करून दुसरे उभे राहते. चुलीची राख, शेणाचे सारवण, गोठ्यातला केर, फुटकी भांडी, हाडके, सगळे तिथेच जिरते. अशी शेकडो वर्षे गेली म्हणजे गाव आपोआप आजूबाजूच्या शेतापेक्षा उंच होते. आपण देवळाकडे जाताना जो चढ चढतो तो देवाने केलेला असेलच असे नाही. तो आपल्याच आज्या-पणज्यांनी टाकलेल्या राखेचाही असू शकतो. ही माती पिकाला चांगली म्हणून शेतकरी ती गाड्या भरभरून शेतात नेत असत. दक्षिणेतील कितीतरी जुन्या टेकाडांची अशीच खते झाली. आता बैलगाडीऐवजी जेसीबी आला, एवढाच फरक.

ही पांढरी नीट, थराथराने उकलून पाहण्याचे शास्त्र म्हणजे पुरातत्त्व होय. आणि ते आपल्या भागात फार मोठ्या प्रमाणावर झाले, शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठी इनामगाव येथे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकलिया, डॉ. मधुकर ढवळीकर आणि डॉ. अन्सारी यांनी १९६८ साली तिथे खोदकाम सुरू केले. ते थोडेथोडके नव्हे, हंगामामागून हंगाम असे १९८० नंतरही चालू होते. त्याचा अहवाल दोन मोठ्या खंडांत १९८८ साली प्रसिद्ध झाला. तो इंग्रजीत आहे, आपल्या आवाक्यातला नाही. पण डॉ. ढवळीकरांनी मराठीतही सोप्या भाषेत लिहिले आहे. त्यांचे पुस्तक माझ्या मुलीने कॉलेजच्या ग्रंथालयातून आणले आणि मी ते दुपारच्या वेळी, भांडी आवरल्यावर, वाचून काढले.

खुद्द आपल्या बेटाच्या शेजारी, मुळा-मुठा आणि भीमेच्या संगमाजवळ वाळकी आहे. त्या वाळकीलाही डेक्कन कॉलेजच्या लोकांनी खोदकाम केले आणि इनामगावच्या काळातलीच छोटी वस्ती त्यांना सापडली. मोठे गाव नव्हे, शेतावरची वस्ती म्हणतो तशी. तिथे हाडापासून केलेला नांगराचा फाळ मिळाला. भगिनींनो, वाळकीला आपल्यापैकी कितीजणींच्या सोयरिकी आहेत! पण लग्नकार्यात कुणी या फाळाचे नाव काढल्याचे मला तरी आठवत नाही.

इनामगावला माणसे राहिली ती इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारापासून इसवी सनापूर्वी ७०० पर्यंत, म्हणजे सुमारे नऊशे वर्षे. आजपासून मोजले तर पहिले घर बांधून साडेतीन हजार वर्षे होऊन गेली. लोखंड त्यांच्या घरी नव्हते. तांबे होते, पण थोडे आणि मोलाचे. रोजचे कापणे-चिरणे दगडाच्या धारदार पात्यांनी चाले. विद्वान या नऊशे वर्षांचे तीन भाग करतात. पहिला माळव्याकडून आलेल्या लोकांचा, दुसरा आणि तिसरा जोर्वे संस्कृतीचा. जोर्वे हे अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील संगमनेर तालुक्यातले प्रवरेकाठचे गाव. तिथे १९५०-५१ साली प्रथम खोदकाम झाले म्हणून त्याचे नाव पडले. त्यांची भांडी तांबडी, वर काळ्या रंगाची नक्षी, आणि इतकी छान भाजलेली की टिचकी मारली तर धातूसारखी वाजावीत. लांब तोटीचे भांडे तर आपल्या झारीच्या वळणाचे आहे.

इतक्या जुन्या काळाचे साल कसे काढतात, असा प्रश्न मलाही पडला होता. जळलेला दाणा किंवा कोळसा प्रयोगशाळेत देतात. झाडाझुडपात, धान्यात एक विशिष्ट प्रकारचा कार्बन असतो, आणि ते मेल्यावर तो ठरलेल्या गतीने कमी होत जातो. किती उरला ते मोजले की वय निघते. ही युक्ती अमेरिकेतील लिबी या शास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धानंतर काढली आणि १९६० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आणि मातीतला जळका दाणा वेगळा काढायचा तर माती पाण्यात कालवायची. दाणा वर तरंगतो, माती खाली बसते. आपण धान्य धुताना पोकळ दाणे वर येतात तसेच! यात मला तरी काही परके वाटले नाही. मातीची भिंत मातीत मिसळलेली असताना ती ओळखणे मात्र कौशल्याचे काम आहे. खुरप्याने अलगद खरवडत गेले की भिंतीची माती निराळ्या रंगाची दिसते. आणि जिथे लाकडी खांब पुरलेला होता तिथे खांब केव्हाच कुजून गेला तरी त्याचा गोल, काळसर डाग राहतो. अशा डागांवरून घर उभे करतात.

आता आळीविषयी. इनामगावला शंभराहून अधिक घरे उघडी झाली. सुरुवातीची घरे चांगली ऐसपैस, लांबट चौकोनी होती. कुडाच्या किंवा मातीच्या बुटक्या भिंती, वर गवताचे छप्पर. ती ओळीने मांडलेली होती आणि दोन घरांमध्ये सुमारे दीड मीटर जागा सोडलेली होती. दीड मीटर म्हणजे पाच फुटांच्या आत-बाहेर. डोक्यावर हंडा आणि कडेवर मूल घेऊन एक बाई जाईल आणि समोरून दुसरी आली तर अंग चोरून वाट देईल, एवढी ही बोळ. नऊशे वर्षांत घरे पडली, पुन्हा उठली, पण ओळीने राहायचे आणि शेजाऱ्याला वाट ठेवायची हे त्यांना तेव्हाच कळलेले होते. आमच्या आळीत मात्र दर दोन वर्षांनी एकजण ओटा पुढे घेतो आणि ग्रामपंचायतीत भांडण उभे राहते. असो.

घरात शिरावे तर सगळे ओळखीचे. चूल आहे. धान्यासाठी जमिनीत पेव आहे. रांजण हलू नये म्हणून खाली बसवलेले चार सपाट दगड आहेत. आणि मातीचे गोल, थोडे उंच ओटे आहेत. हे ओटे कशाचे? तर कणगी ठेवायचे! पुस्तकात हे वाचले आणि मी सासूबाईंना दाखवले. त्या म्हणाल्या, "यात शोधायचं काय? कणगी भुईला टेकवली तर ओल लागते आणि घुशी खातात. आमच्या आईच्या घरी असाच कट्टा होता." साडेतीन हजार वर्षांची गोष्ट त्यांनी एका वाक्यात सांगून टाकली. फिरते जाते मात्र त्या काळी नव्हते. ते पुष्कळ नंतर आले. इनामगावच्या बायका पाट्यासारख्या खोलगट दगडावर दुसऱ्या दगडाने पुढे-मागे रगडून पीठ काढीत. जात्यावरच्या ओव्या फार जुन्या म्हणतात, पण त्याही आधीच्या बायका पहाटे काय गुणगुणत असतील कोण जाणे!

पीठ कशाचे? मुख्यतः सातूचे. गहूही होता. डाळी-कडधान्यांत मसूर, कुळीथ, वाल, वाटाणा, लाख. रानातली बोरे ते खात. गाई-बैल, शेळ्या-मेंढ्या पाळीत, हरणाची शिकार करीत, घोडनदीतले मासे पकडीत. नदीचे पाणी वळवण्यासाठी त्यांनी एक मोठा चर खणला होता, सुमारे चार मीटर रुंद आणि साडेतीन मीटर खोल, आणि त्याला लागून दगड-मातीचा बांध घातला होता. पाटाचे पाणी हे काही ऊस आल्यावरच आपल्याकडे आले नाही, हे बेटातल्या बागाईतदारांनी ध्यानात घ्यावे. इतका चर एका घराने खणणे शक्य नाही. माणसे जमवणारा, पाळ्या लावणारा कुणीतरी पाहिजे.

तो कुणीतरी सापडलाही. वस्तीच्या मध्यभागी एक पाच खोल्यांचे घर होते आणि त्याला लागून धान्याचे कोठार. हे गावच्या प्रमुखाचे घर असावे असे विद्वान म्हणतात. गावचे धान्य त्याच्याकडे जमा होत असावे. त्याच घराच्या अंगणात चार पायांचा, मोठ्या पोटाचा, कच्च्या मातीचा एक रांजण पुरलेला निघाला, आणि त्या रांजणात मांडी घालून बसवलेला एक पुरुष. वय चाळिशीचे. उलटपक्षी कुंभार, सोनार, चुना भाजणारे असे कारागीर गावाच्या पश्चिमेच्या कडेला राहत. म्हणजे मधोमध धनवान आणि कडेला हातावर पोट असणारे, ही रीत तेव्हापासूनची आहे. मला हे वाचून बरे वाटले नाही. ज्याच्या मडक्यावरून आज त्या सगळ्या संस्कृतीला ओळखतात, त्याला गावाने कडेला ठेवले होते.

आता जे लिहायचे आहे ते लिहिताना मन थोडे घट्ट करावे लागते. इनामगावला अडीचशेच्या आसपास दफने सापडली, आणि त्यांत बहुतेक लहान मुले आहेत. मोठी माणसे ते खड्ड्यात उताणी, डोके उत्तरेकडे करून पुरीत, आणि घोट्याखालचे पाय तोडून टाकीत. मृताने भूत होऊन परत येऊ नये, घर सोडून जाऊ नये, अशी काही समजूत असावी असे म्हणतात. प्रमुखाचे पाय मात्र तोडलेले नव्हते. मेल्यावरही मान राखला! मुलांची रीत निराळी. राखाडी मातीचे दोन कुंभ घेत, त्यांत मूल ठेवीत, कुंभांची तोंडे एकमेकांना भिडवीत आणि ते आडवे करून घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात पुरीत. शेजारी एखादे तोटीचे भांडे, एखादे वाडगे ठेवीत. आणि वरून सारवून त्याच घरात राहत.

पुण्याला येरवड्याजवळ डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात इनामगावच्या वस्तू ठेवलेल्या आहेत. मागच्या वर्षी आम्ही काहीजणी गेलो होतो. त्या कुंभांपाशी आल्यावर आमच्यातल्या एक वयस्क आत्याबाई बराच वेळ उभ्या राहिल्या. बाकीच्या पुढे गेल्या तरी त्या हलेनात. मग म्हणाल्या, "पोटासारखंच केलंय गं." दोन कुंभ तोंडाला तोंड लावून ठेवले की तो आकार कशासारखा दिसतो हे ज्या बाईने बाळंतपणे पाहिली आहेत तिला सांगावे लागत नाही. आपल्याकडेही अगदी लहान मूल गेले तर त्याला अग्नी देत नाहीत, पुरतात. बाळंतपणातली वारसुद्धा घराजवळच पुरायची रीत होती. भुताची भीती हे मोठ्यांच्या बाबतीत खरे असेल. मुलांच्या बाबतीत मला ते पटत नाही. ज्याची भीती वाटते त्याला कुणी चुलीपासून चार हातांवर ठेवीत नाही. आईला ते लांब रानात नेववले नसेल, इतकीच ती गोष्ट असावी. विद्वानांनी रागावू नये. हे माझे मत आहे. नेवासे येथेही असेच एक मूल सापडले. त्याच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती, आणि तांब्याच्या गंजामुळे आतला दोरासुद्धा टिकला. तो कापूस आणि रेशमाचा निघाला. आपल्या घोडनदीवरच्याच चांडोली येथे सापडलेल्या दोऱ्यात जवसाचा धागा होता. त्या काळात तांबे किती दुर्मिळ होते ते वर लिहिलेच आहे, तरी ते काढून घेतले नाही.

एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणाची पेटी पुरलेली होती. तिच्याबरोबर शीर नसलेली एक स्त्रीमूर्ती आणि एक बैल, सगळे कच्च्या मातीचे. मूर्तीला आणि बैलाच्या पाठीला भोक ठेवलेले होते. काडी घातली की देवी बैलावर बसते. पोळ्याला आपण मातीचे बैल करतो, त्यांना पाहून आता मला दर वर्षी या देवीची आठवण होते. ती पीकपाण्याची देवी की मुलाबाळांची राखण करणारी, यावर चर्चा आहे. इतकी मुले दगावत असताना घरच्या बाईने तिच्याकडे काय मागितले असेल, यावर मला तरी चर्चेची गरज वाटत नाही.

इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास पाऊस कमी कमी होत गेला. मोठी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. गहू जवळजवळ गेला. शेतीपेक्षा शेळ्या-मेंढ्या आणि शिकार यांच्यावर पोट आले. तीनशे वर्षे त्यांनी असेच चिवटपणे काढली आणि मग इनामगाव सोडले. १९७२ च्या दुष्काळात शिरूरकडची माणसे खडी फोडायला रस्त्याच्या कामांवर होती, मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन दिवस काढले, असे सासूबाई सांगतात. पण त्यांना गाव सोडावे लागले नाही, कारण मागे सरकार होते, कसेही असो. घोडनदीकाठच्या त्या लोकांच्या मागे कुणी नव्हते.

असे काम परदेशात तर भर शहरात, चालू रस्त्यांच्या खाली होते. इंग्लंडमध्ये यॉर्क म्हणून जुने शहर आहे. तिथे कॉपरगेट नावाच्या रस्त्यावर १९७६ ते १९८१ या काळात खोदले तेव्हा हजार वर्षांपूर्वीची लाकडी घरे निघाली. ओलसर जमिनीमुळे चामड्याचे जोडे, लाकडी वाडगे, एवढेच काय पण एका सुईने विणलेला लोकरीचा पायमोजाही टिकला. विणकामाचा विषय ज्या भगिनीने घेतला आहे तिने हे जरूर पाहावे! आणि विशेष म्हणजे हजार वर्षांपूर्वी घराघरांमध्ये आखलेल्या हद्दी पुढे शतकानुशतके तशाच चालत आल्या. लंडनमध्ये तर सॅक्सन लोकांचे गाव कुठे गेले हेच पुष्कळ काळ कळत नव्हते. ते जुन्या तटाच्या बाहेर, सध्याच्या नाटकगृहाच्या आणि बाजारपेठेच्या खाली होते. त्या नाटकगृहाचे बांधकाम निघाले तेव्हा खडी घातलेले रस्ते आणि दोन्ही बाजूंची घरे बाहेर आली. तिकडे नवीन इमारतीचा पाया खणताना आधी अभ्यासकांना वेळ देतात. आपल्याकडे वरातीची तारीख धरून घर बांधायला काढतात, मग वेळ कुठला?

आमच्या आळीत सध्या दोन घरांचे पाये खणणे चालू आहे. जुने माळवदाचे घर पाडून स्लॅब येणार. पाया पुरुषभर खाली गेला आहे आणि पांढरीचे थर भिंतीत स्वच्छ दिसतात. राखेचा एक, मग पिवळट मातीचा, मग पुन्हा राख. मजूर खापरे बाजूला फेकतात आणि ती मातीबरोबर ट्रॅक्टरमध्ये भरून जातात. त्यांना काही बोलण्यात अर्थ नाही, ते रोजावर आहेत. सोने-नाणे सापडले तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, हे सगळ्यांना ठाऊक असते, निदान धाक तरी असतो. खापराला धाक नाही. आणि इनामगावचे सगळे वर लिहिलेले ज्ञान निघाले ते खापर, राख, हाडूक आणि जळका दाणा यांतूनच. सोने तिथे नावालाच होते.

म्हणून आम्ही तिघी-चौघींनी एवढेच सुरू केले आहे. संध्याकाळी मजूर गेल्यावर, घरमालकिणीला विचारून, मातीच्या ढिगाऱ्यातली नक्षीची, काठाची किंवा तोटीची खापरे तेवढी वेचायची. पायात उतरायचे नाही, काही उकरायचे नाही. ते काम जाणत्यांचे. खापर धुऊन वाळवायचे आणि पिशवीत एक चिठ्ठी टाकायची, कुणाचे घर, किती हात खोल, कोणत्या दिवशी. आतापर्यंत मंडळाच्या खोलीत बिस्किटांचे तीन पत्र्याचे डबे भरले आहेत. त्यात बहुतेक गेल्या दोन-तीनशे वर्षांतली साधी तांबडी-काळी भांडी असतील. एका डब्यात मात्र तांबड्यावर काळी रेघ असलेला एक तुकडा आहे. तो मी वेगळ्या कापडात बांधून ठेवला आहे. दिवाळीनंतर मंडळाची पुण्याला खेप होईल तेव्हा डेक्कन कॉलेजमध्ये तो दाखवायचा आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी कार्तिकी एकादशीच्या आत नाव द्यावे, एस.टी.चे जाण्या-येण्याचे भाडे प्रत्येकीने आपापले आणायचे आहे.